विश्लेषण : मोबाइलवर हालचाल मोजण्याच्या तंत्राचा पाया घालणारे एतिएन-ज्यूल मारे कोण होते?

क्रिकेटच्या नेटमध्ये गोलंदाज धावत येतो. प्रशिक्षक बाजूला उभे राहून मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करतात. मिनिटाभरात पडद्यावर त्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत रेघ उमटते आणि कोपराशी किती अंशांचा कोन झाला, हे आकड्यात दिसते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची चाल फिजिओथेरपिस्टही अशाच पद्धतीने तपासतात. किनोव्हिया, ट्रॅकर यांसारखी मोफत सॉफ्टवेअर आता कुणालाही वापरता येतात. हे सारे गेल्या दहा-वीस वर्षांतले वाटते. मात्र चालत्या माणसाच्या सांध्यांवर खुणा करायच्या, ठरावीक वेळाने त्याची छायाचित्रे घ्यायची आणि त्यातून कोन व वेग काढायचा, ही पद्धत १८८० च्या दशकात पॅरिसमध्ये आकाराला आली. ती घडवणारे एतिएन-ज्यूल मारे पेशाने डॉक्टर होते. चित्रपटाच्या उंबरठ्यावर येऊनही त्यांनी आत पाऊल टाकले नाही. त्यांना दृश्य नको होते, मोजमाप हवे होते. ही निवड त्यांना बरीच महागात पडली. आज हालचाल मोजणारे प्रत्येक सॉफ्टवेअर मात्र त्याच निवडीवर उभे आहे.

मारे यांची जडणघडण कशी झाली?

मारे यांचा जन्म ५ मार्च १८३० रोजी फ्रान्समधील बर्गंडी प्रांतातल्या बोन या गावी झाला. हा भाग द्राक्षमळ्यांसाठी आणि वाइनसाठी प्रसिद्ध. वडीलही वाइनच्याच व्यवसायात होते. मुलाने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. मुलाचे मन यंत्रांमध्ये रमत असे आणि त्याला अभियंता व्हायचे होते. अखेर वडिलांचे ऐकून १८४९ मध्ये तो वैद्यकीय शिक्षणासाठी पॅरिसला गेला. यंत्रांची आवड मात्र सुटली नाही. पुढे त्यांच्या हातून जे काम झाले, त्यात शरीर आणि यंत्र या दोन्हींचे धागे एकत्र आलेले दिसतात.

१८५९ मध्ये त्यांनी रक्ताभिसरणावर प्रबंध सादर केला. त्यानंतर रुग्ण तपासण्यापेक्षा शरीर कसे चालते, याचा शोध घेण्याकडेच त्यांचा ओढा राहिला. १८६४ च्या सुमारास पॅरिसमधील एका जुन्या नाट्यगृहाच्या इमारतीत त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा थाटली. १८६९ मध्ये कॉलेज द फ्रान्स या मानाच्या संस्थेत ते प्राध्यापक झाले. तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्याही आत होते.

नाडी कागदावर कशी उमटली?

त्या काळात डॉक्टर मनगटावर बोटे ठेवून नाडी पाहत. नाडी जलद आहे की मंद, भरलेली आहे की क्षीण, हे बोटांना जाणवेल तसे शब्दांत लिहीत. एका डॉक्टरला जी नाडी क्षीण वाटे, ती दुसऱ्याला तशी वाटेलच असे नव्हते. मारे यांचा आक्षेप नेमका इथे होता. माणसाची इंद्रिये मंद आहेत आणि त्यांना झालेले ज्ञान दुसऱ्याला जसेच्या तसे देता येत नाही. म्हणून जी क्रिया घडते, तिनेच स्वतःची नोंद केली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

रक्तदाबातील चढउतार फिरत्या दंडगोलावर नोंदवण्याचे उपकरण जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४० च्या दशकात बनवले होते. त्यासाठी प्राण्याची रक्तवाहिनी उघडावी लागे. मारे यांनी १८६० मध्ये मनगटावर बांधता येईल असे छोटे नाडीलेखक यंत्र तयार केले. धमनीवर टेकलेली स्प्रिंग ठोक्यासरशी वर उचलली जाई, तिला जोडलेला हलका दांडा डोलू लागे आणि त्याच्या टोकाची लेखणी काजळी धरलेल्या पट्टीवर वळणदार रेघ काढी. पट्टी घड्याळाच्या यंत्रणेने सरकत असल्याने ठोका केव्हा पडला आणि किती वेळ टिकला, हेही त्या रेघेत दिसे. कातडीला छेद न देता नाडीचा आलेख मिळू लागला.

पुढे ओग्युस्त शोव्हो या पशुवैद्यकातील संशोधकाबरोबर त्यांनी घोड्याच्या हृदयात नळ्या घालून आतील दाब नोंदवला. छातीवर जाणवणारा ठोका हृदयाच्या आकुंचनाच्या वेळी पडतो की प्रसरणाच्या, यावर तेव्हा वाद होता. तो आकुंचनाच्याच वेळी पडतो, हे या आलेखांनी दाखवून दिले. हृदयाचे काम आतून मोजण्याच्या आधुनिक पद्धतींचा इतिहास सांगताना या प्रयोगाचा उल्लेख आवर्जून केला जातो.

बुटात हवेच्या पिशव्या कशासाठी?

हृदयानंतर मारे चालण्याकडे वळले. त्यांनी बुटाच्या तळाशी हवा भरलेला रबरी कप्पा बसवला. पाऊल जमिनीवर टेकले की कप्पा दाबला जाई, हवा नळीतून वर सरके आणि चालणाऱ्याच्या हातातल्या नोंदयंत्राची लेखणी उचलली जाई. डाव्या पायाची एक रेघ, उजव्या पायाची दुसरी. कोणता पाय किती वेळ जमिनीवर आहे, दोन्ही पाय एकाच वेळी किती काळ टेकलेले असतात आणि धावताना किती काळ दोन्ही हवेत असतात, हे प्रथमच कागदावर नीट वाचता येऊ लागले.

हीच युक्ती त्यांनी घोड्याच्या खुरांना लावली. नोंदयंत्र घोडेस्वाराच्या हाती दिले. घोडा दौडत असताना काही क्षण त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात, असा निष्कर्ष या नोंदींतून निघाला. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राणिदेहाच्या यंत्रणेवरील पुस्तकात त्यांनी हे मांडले. लगेच त्याचा इंग्रजी अनुवादही झाला आणि पुस्तक अमेरिकेत पोहोचले.

कॅमेरा कसा हाती आला?

कॅलिफोर्नियातील रेल्वे उद्योजक आणि माजी गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड यांना घोड्यांच्या शर्यतींचा नाद होता. दौडणाऱ्या घोड्याचे पाय नेमके कसे पडतात, हे त्यांना पाहायचे होते आणि मारे यांचे काम त्यांना ठाऊक होते. त्यांनी हे काम छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांच्याकडे सोपवले. जून १८७८ मध्ये पालो आल्टो येथील धावपट्टीलगत मायब्रिज यांनी १२ कॅमेरे ओळीने मांडले. घोडा पुढे जाईल तसतसे एकेका कॅमेऱ्याचे शटर उघडे. चारही खूर हवेत असल्याचे चित्र मिळाले आणि मारे यांचा निष्कर्ष खरा ठरला. गंमत म्हणजे खूर हवेत असताना पाय पोटाखाली गोळा झालेले होते. चित्रकार शतकानुशतके काढत आले तसे ते पुढे-मागे ताणलेले नव्हते.

ही छायाचित्रे १८७८ च्या डिसेंबरमध्ये ‘ला नात्यूर’ या फ्रेंच विज्ञान साप्ताहिकात छापून आली. ती पाहून मारे भारावले. उडत्या पक्ष्यांची अशी छायाचित्रे मिळतील का, अशी विचारणा त्यांनी संपादकांमार्फत मायब्रिज यांच्याकडे केली. १८८१ मध्ये मायब्रिज पॅरिसला आले, तेव्हा मारे यांनी शास्त्रज्ञांना आणि कलावंतांना घरी बोलावून त्यांचे स्वागत केले.

कौतुक ओसरल्यावर मात्र मारे यांच्यातील मोजणारा माणूस जागा झाला. मायब्रिज यांचा प्रत्येक कॅमेरा वेगळ्या जागी होता. त्यामुळे प्रत्येक चित्रातला पाहण्याचा कोन वेगळा. दोन चित्रांमधला वेळही काटेकोरपणे सारखा नव्हता. अशी चित्रे पाहायला उत्तम, पण त्यावर पट्टी ठेवून वेग काढता येत नाही. मोजायचे असेल तर कॅमेरा एकच हवा, त्याची जागा निश्चित हवी आणि दोन प्रतिमांमधला काळ ठाऊक हवा. मारे यांनी घातलेल्या या तीन अटी आजच्या सॉफ्टवेअरलाही चुकलेल्या नाहीत.

एक योगायोग इथे नोंदवायला हवा. मारे आणि मायब्रिज दोघेही १८३० मध्ये जन्मले आणि मे १९०४ मध्ये काही दिवसांच्या अंतराने गेले.

पक्ष्यांवर रोखलेली बंदूक काय होती?

खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन यांचे नाव भारतीय वाचकांना १८६८ च्या सूर्यग्रहणामुळे परिचित असेल. ते पाहण्यासाठी ते गुंटूरला आले होते. याच जान्सेन यांनी १८७४ मध्ये शुक्राचे अधिक्रमण टिपण्यासाठी ठरावीक वेळाने छायाचित्रे घेणारे रिव्हॉल्व्हरसारखे यंत्र वापरले होते. त्यावरून मारे यांनी १८८२ मध्ये छायाचित्रे टिपणारी बंदूक बनवली. खांद्याला दस्ता लावायचा, नळी पक्ष्यावर रोखायची आणि चाप ओढायचा. आतील प्लेट थांबत थांबत फिरे आणि सेकंदाला १२ छायाचित्रे उमटत. प्रत्येकासाठी प्रकाश आत येण्याचा काळ होता सेकंदाचा ७२० वा भाग.

मारे हिवाळ्यात नेपल्सजवळ राहत. तिथल्या किनाऱ्यावर ते समुद्रपक्ष्यांवर ही बंदूक रोखून फिरत. नेम धरणारा, चाप ओढणारा आणि एकही पक्षी न पाडता समाधानाने घरी जाणारा हा माणूस गावकऱ्यांना वेडा वाटे, असे सांगतात.

बंदुकीतून मिळणाऱ्या प्रतिमा फार लहान होत्या. वजनदार प्लेट सेकंदाला बारा वेळा थांबवणे आणि पुन्हा फिरवणे यालाही मर्यादा होती. त्यामुळे मारे यांनी विचार उलटा केला. प्लेट स्थिर ठेवायची आणि तिच्यापुढे फटी पाडलेली तबकडी फिरवायची. प्रत्येक फट भिंगासमोर आली की एक प्रतिमा उमटणार. माणूस पुढे सरकत असल्याने प्रत्येक प्रतिमा काचेवर आधीच्या प्रतिमेच्या पुढे पडणार. एकाच काचेवर हालचालीचा सगळा प्रवास. या पद्धतीला क्रोनोफोटोग्राफी, म्हणजे कालबद्ध छायाचित्रण, असे नाव मिळाले.

माणसाला काळा पोशाख का घातला?

१८८२ मध्ये पॅरिसच्या पश्चिमेला, बुआ द बुलोन्य या वनराईच्या कडेला मारे यांचे शरीरक्रिया केंद्र सुरू झाले. पॅरिस नगरपालिकेने जागा दिली आणि सरकारने पैसा. तिथे ५०० मीटर परिघाची गोल धावपट्टी होती. एका बाजूला आतून काळी केलेली खोल शेड आणि समोर रुळांवर पुढे-मागे सरकणारी कॅमेऱ्याची खोली. पांढरे कपडे घातलेला माणूस काळ्या शेडसमोरून चालत जाई. पार्श्वभूमी काळी असल्याने काचेवर फक्त माणूस उमटे. जवळच मोजपट्टी आणि सरकत्या काट्याची तबकडी ठेवलेली असे. त्यामुळे अंतर आणि वेळ दोन्ही त्याच छायाचित्रात नोंदले जात.

अडचण लवकरच समोर आली. हालचाल बारकाईने पाहायची तर सेकंदाला जास्त प्रतिमा घ्याव्या लागत. जास्त प्रतिमा घेतल्या की त्या एकमेकींवर चढत आणि हात कुठला, पाय कुठला हे कळेनासे होई. मारे यांनी आधी शरीराची एक बाजू पांढरी आणि दुसरी काळी ठेवून पाहिली. त्याने थोडे साधले, पण पुरेसे नाही.

मग १८८३ च्या सुमारास त्यांनी शरीरच दिसेनासे केले. माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळा पोशाख घातला. खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा आणि घोटा या सांध्यांवर चकाकते ठिपके लावले आणि हातापायांच्या लांबीला धातूच्या चकचकीत पट्ट्या. आता काचेवर चेहरा नव्हता, कपडे नव्हते, स्नायू नव्हते. होते फक्त ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. प्रतिमांची संख्या कितीतरी वाढवता आली. गुडघा हवेत कोणत्या वळणाने जातो, खुबा प्रत्येक पावलाला किती वर-खाली होतो, पाय टेकताना गुडघ्याचा कोन किती असतो, हे सगळे कागदावर उतरवून मोजता येऊ लागले.

छायाचित्रणाचे सारे आकर्षण माणूस हुबेहूब दिसण्यात आहे. मारे यांनी तोच हुबेहूबपणा जाणूनबुजून पुसून टाकला. आज चित्रपटांतील आणि गेममधील पात्रांसाठी अभिनेत्यांना काळा पोशाख घालून त्यावर चमकते गोळे लावले जातात. त्या पोशाखाचा पूर्वज हाच.

हे मोजमाप कुणाच्या कामी आले?

केंद्रातील काळ्या पोशाखातले बरेच लोक ज्वांव्हील येथील लष्करी व्यायामशाळेतले सैनिक होते. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाकडून झालेला पराभव फ्रान्स विसरला नव्हता. सैनिक कमी दमून अधिक कसा चालेल, पाठीवरचे ओझे चालीवर काय परिणाम करते, कवायतीचा ठेका किती असावा, या प्रश्नांत सरकारला रस होता. मारे आणि त्यांचे साहाय्यक जॉर्ज देमेनी यांनी ठेका बदलत सैनिकांना चालवले. ठेका वाढवला की पाऊल काही मर्यादेपर्यंत लांब पडते, पण त्यापुढे ते आखूड होऊ लागते, असे त्यांना आढळले. अधिक घाई केली म्हणून अधिक अंतर कापले जातेच असे नाही, हे यातून स्पष्ट झाले.

चाल बिघडलेल्या रुग्णांनाही याच पद्धतीने टिपले गेले. त्यासाठी सांध्यांवर छोटे विजेचे दिवे लावून अंधारात त्यांना चालवले जाई. लंगडण्यामागे नेमका कोणता सांधा आहे, हे दिव्यांच्या वळणांवरून शोधता येई. आज मोठ्या रुग्णालयांत चालीच्या तपासणीसाठी ज्या प्रयोगशाळा आहेत, त्यांचे हे बीज.

१९०० मध्ये पॅरिसला ऑलिम्पिक झाले. तेव्हा खेळाडूंच्या शरीरक्रियेचा अभ्यास करणाऱ्या समितीची धुरा मारे यांच्याकडे होती. अडथळ्यांवरून झेपावणारा अमेरिकेचा आल्विन क्रेन्झलाइन आणि गोळाफेकपटू रिचर्ड शेल्डन यांच्या हालचाली त्या वेळी टिपण्यात आल्या. याच क्रेन्झलाइनच्या मागे २०० मीटर अडथळा शर्यतीत दुसरा आला होता कलकत्त्यात जन्मलेला नॉर्मन प्रिचर्ड. खेळाडू जिंकतो तेव्हा त्याचे शरीर नेमके काय करते, हे चित्रावरून शोधण्याचा प्रयत्न ऑलिम्पिकमध्ये इतक्या लवकर झाला होता.

या कामाची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. शरीर ठिपक्यांत उतरले की ते सुधारता येते, तसेच जुंपताही येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांनी कामगारांच्या बोटांना दिवे लावून त्यांच्या हालचाली टिपल्या आणि अनावश्यक हालचाली कमी केल्या. त्याने श्रम वाचले, पण कामगाराच्या प्रत्येक हालचालीवर हिशेबाची नजरही बसली. कोण कुणाला मोजतो आणि त्या आकड्याचे पुढे काय होते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

चित्रपटाच्या इतक्या जवळ येऊन मारे मागे का फिरले?

स्थिर प्लेटवर एकाच जागी उभ्या राहून केलेली हालचाल टिपता येत नसे, कारण सगळ्या प्रतिमा एकावर एक पडत. म्हणून १८८८ मध्ये मारे यांनी कागदी फिल्मची लांब पट्टी वापरली आणि सेकंदाला सुमारे २० प्रतिमा घेतल्या. पुढे कागदाची जागा सेल्युलॉइडने घेतली. १८८९ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी आलेल्या थॉमस एडिसन यांनी मारे यांची भेट घेतली आणि हे काम पाहिले.

मारे यांच्या पट्टीला कडेने छिद्रे नव्हती. त्यामुळे दोन चित्रांमधले अंतर कमी-जास्त होई आणि ती पडद्यावर दाखवली की चित्र थरथरे. मारे यांना त्याची फारशी खंत नव्हती. जे डोळ्याला एरवीही दिसते, तेच पडद्यावर पुन्हा पाहून विज्ञानाला काय मिळणार, असा त्यांचा विचार होता. डोळ्याला न दिसणारे दाखवायचे, फार जलद घडणारे सावकाश आणि फार सावकाश घडणारे जलद करायचे, यात त्यांना अर्थ वाटे.

साहाय्यक देमेनी यांना मात्र यात व्यवसाय दिसत होता. बोलताना ओठ कसे हलतात, हे टिपून कर्णबधिरांना शिकवण्यासाठी त्यांनी फोनोस्कोप हे यंत्र बनवले. ते लोकांना आवडले, तेव्हा त्याची विक्री करण्यासाठी त्यांनी कंपनी काढली. संशोधन केंद्रात घडलेली गोष्ट बाजारात नेण्यावरून दोघांत वितुष्ट आले आणि १८९४ मध्ये मारे यांनी देमेनी यांना केंद्रातून काढून टाकले. बारा वर्षांची साथ अशी कडवटपणे संपली. रोजची जोखमीची कामे, प्रयोगांची आखणी, सैनिकांना शिकवणे यात देमेनी यांचा वाटा मोठा होता. मारे यांच्या तत्त्वनिष्ठेचे कौतुक करताना साहाय्यकाला मोजावी लागलेली किंमत विसरता येत नाही.

पुढल्याच वर्षी, २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून चित्रपट दाखवला. सहा महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी तो मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोहोचला. तो खेळ पाहून प्रभावित झालेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनी विलायतेतून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. मारे यांच्या केंद्रातही कसलेले शरीर कॅमेऱ्यासमोर होते आणि मुंबईतही. एकीकडे ते मोजण्यासाठी टिपले जात होते, दुसरीकडे लोकांनी पाहावे म्हणून.

अखेरच्या वर्षांत त्यांनी काय केले?

१८९४ मध्ये मारे यांनी एक मांजर पाय वर धरून उलटे सोडले आणि त्याचे पडणे टिपले. हवेत कशाचाही आधार नसताना मांजर सरळ कसे होते, हे कोडे विज्ञान अकादमीत चर्चेला आले. पदार्थविज्ञानाच्या नियमांत हे बसत नाही, असे काहींना वाटत होते. चित्रांतून उत्तर मिळाले. मांजर पुढचे पाय जवळ घेऊन शरीराचा पुढचा भाग आधी वळवते, त्या वेळी मागचे पाय लांब असतात. मग उलटे करून मागचा भाग वळवते. प्रयोग दिसायला गमतीचा, पण अंतराळवीरांच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्यांनाही पुढे या मांजराकडे यावे लागले.

शतकाच्या वळणावर त्यांनी हवेचे वाहणे टिपण्यासाठी यंत्र बनवले. पन्नासहून अधिक बारीक नळ्यांतून धुराच्या समांतर रेघा सोडायच्या, वाटेत एखादी वस्तू ठेवायची आणि रेघा कशा वळतात ते पाहायचे. विमान अजून उडाले नव्हते.

मे १९०४ मध्ये पॅरिसमध्ये मारे यांचे निधन झाले. बुआ द बुलोन्यच्या परिसरातील त्यांच्या नावाची संस्था पुढे अनेक दशके सुरू होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोलाँ गारोसच्या टेनिस संकुलाच्या विस्तारासाठी ती पाडण्यात आली. ज्या भागात काळ्या पोशाखातला माणूस ठिपके होऊन चालत असे, तिथे आज जगातल्या सर्वोत्तम टेनिसपटूंची प्रत्येक हालचाल कॅमेरे टिपतात.

आजचे सॉफ्टवेअर वेगळे काय करते?

मूळ कृती तीच आहे. मोबाइलचा कॅमेरा साधारणपणे सेकंदाला ३० चित्रे घेतो. स्लो मोशनमध्ये अनेक फोन २४० पर्यंत जातात. वेगवान धावपटूचे पाऊल जमिनीवर साधारण सेकंदाचा दहावा भाग टेकलेले असते. ३० च्या गतीने त्याची जेमतेम तीन चित्रे मिळतात, २४० च्या गतीने २४. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्रात ठरवलेला ठिपका शोधते, त्याची जागा नोंदवते आणि दोन जागांमधले अंतर व काळ यांवरून वेग काढते. तीन ठिपके मिळाले की मधल्या सांध्याचा कोन मिळतो. मारे यांचे साहाय्यक हे काम काचेवर पट्टी ठेवून तासन् तास करत.

फरक पडला तो ठिपके लावण्यात. आता पोशाखाची गरज उरलेली नाही. असंख्य छायाचित्रांवर तयार केलेल्या संगणकीय प्रणाली साध्या कपड्यांतल्या माणसाचे सांधे स्वतः ओळखतात. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाची ओपनपोझ ही अशीच एक प्रणाली. गुगलच्या मीडियापाइपमध्ये शरीरावरचे ३३ बिंदू शोधले जातात. ठिपक्यांत माणूस खरोखर मावतो का, याचे उत्तर स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दिले होते. अंधारात सांध्यांवरचे दहा-बारा प्रकाशबिंदू हलताना दिसले, तरी पाहणाऱ्याला क्षणात चालणारा माणूस ओळखता येतो, हे त्यांनी दाखवले.

मग पडद्यावरचा आकडा खरा मानायचा का?

प्रत्येक वेळी नाही. आकडा दशांशापर्यंत दिसला म्हणून तो अचूक ठरत नाही. हालचाल ज्या दिशेने होते, तिला कॅमेरा काटकोनात नसेल तर कोन चुकीचा दिसतो. फोन हातात धरून फिरवला तर हालचाल माणसाची की कॅमेऱ्याची, हे वेगळे करणे अवघड होते. चित्रात माहीत असलेल्या लांबीची वस्तू नसेल तर अंतर मीटरमध्ये काढता येत नाही. प्रकाश कमी असेल तर चित्र पुसट होते आणि ठिपका नेमका कुठे आहे, हे ठरत नाही. सैल कपड्यांखाली सॉफ्टवेअर सांध्याचा अंदाज बांधते आणि कधी तो चुकतो.

म्हणूनच जिथे खेळाडूची कारकीर्द पणाला लागते, तिथे एका मोबाइलवर विसंबून निर्णय होत नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या नियमानुसार हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. संशय आल्यास गोलंदाजाची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होते. तिथे त्याच्या हातावर खुणा लावतात आणि अनेक वेगवान कॅमेरे वेगवेगळ्या बाजूंनी एकाच वेळी टिपतात. टीव्हीवरच्या एका कोनातून वाकडा दिसणारा हात तिथे नियमात बसतो, तर कधी सरळ दिसणारा हात नियमाबाहेर जातो. मुथय्या मुरलीधरनच्या गोलंदाजीवर वर्षानुवर्षे चाललेला वाद हे याचे ठळक उदाहरण.

घरच्या घरी किंवा मैदानावर मोबाइलने हालचाल मोजायची असेल, तर मारे यांचीच शिस्त पुरते. फोन तिपाईवर स्थिर ठेवावा. हालचालीच्या बाजूला, काटकोनात आणि थोडा लांब ठेवावा. माणूस ज्या रेषेत हालतो, त्याच रेषेत एक मीटरची पट्टी दिसू द्यावी. चित्रांची गती आधी ठरवून घ्यावी. कपडे अंगाला बसणारे असावेत आणि सांध्यांवर रंगीत टिकल्या लावाव्यात. एकाच चेंडूवर किंवा पावलावर न थांबता पाच-दहा वेळा मोजावे आणि आकडे किती बदलतात ते पाहावे. दुखणे असेल तर तो आकडा घेऊन डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जावे, त्यावरून स्वतः निदान करू नये. डॉक्टर असूनही मारे यांनी बोटांना जाणवलेल्या नाडीवर विश्वास ठेवला नव्हता आणि स्वतःच्या यंत्रांचीही ते पुन्हा पुन्हा पडताळणी करत.